फायदा कागदावर, त्रास ताटात

गुरुवार, रात्री

आज एलएफटीचा, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आला. एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढतं ते एन्झाइम) जरा वाढलंय, पण डॉक्टर म्हणाले नॉर्मलच्या तिपटीपुढे गेलं तरच डोस कमी करू किंवा मधे थांबवू, आत्ता घाबरायचं काही नाही. म्हणजे माझ्या आयपीएफवरचं, फुप्फुसात व्रण होत जाण्याच्या आजारावरचं, पिरफेनिडोन आहे तसंच चालू, सकाळ दुपार रात्र ६०० मिग्रॅ. त्यानं लिव्हरला त्रास होऊ शकतो म्हणून पहिले सहा महिने दर महिन्याला तपासणीला रक्त द्यावं लागलं, आता तीन महिन्यांनी, तेवढीच सुटका.

खरं सांगायचं तर या औषधाचा मला राग येतो. यानं बरं वाटणार नाहीये, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फुप्फुसात जे व्रण झालेत ते काही जाणार नाहीत, नवीन व्हायचा वेग कमी होतो एवढंच. धाप आहे तेवढीच आहे, कोरडा खोकला आहेच, बसले असताना ऑक्सिजन ९५ दिसतो आणि एक जिना चढला की ८७. म्हणजे फायदा कुठे, तर एफव्हीसीच्या (जोरात सोडलेल्या पूर्ण श्वासाचं माप) कागदावर, तोही जेवढा घसरायचा तेवढा घसरला नाही असा, आणि त्रास मात्र रोज ताटात.

फोडणीचा वास सहन होत नाही. चाळीस वर्षं या हातांनी फोडण्या घातल्या आणि आता हे मोहरी टाकायला लागले की मी गॅलरीत. (यांना आमटी बरी जमते, पण हिंग कुठे थांबवायचा ते अजून कळत नाही.) रिकाम्या पोटी गोळी घेतली की संपलंच, दिवसभर मळमळ. त्यातल्या त्यात एक युक्ती लागू पडली, डॉक्टरांना विचारूनच केली, ६०० ची एक गोळी घेण्याऐवजी २०० च्या तीन, एक चार घास झाल्यावर, एक मधे, एक ताकभाताच्या वेळी. पोट भरलेलं असलं की डोकंही कमी गरगरतं. पण त्यासाठी तिन्ही वेळा नीट जेवावं लागतं आणि भूक तर मेलेली, आता करा काय करायचं ते. संकष्टी सोडली. चंद्रोदय साडेनऊला आणि दुपारची गोळी दीडला, बाप्पाला समजेल, सासूबाईंना समजलं नसतं.

आणि ऊन. डिसेंबरात कुणी उन्हाला घाबरतं का, पण बसस्टॉपवर जरा वेळ उभी राहिले आणि मान, पंजे असे लालभडक झाले की दोन दिवस साडीचा पदर टेकवत नव्हता. तेव्हापासून पूर्ण बाह्या, स्कार्फ, एसपीएफ ५० चं क्रीम, भाजी आणायची ती दिवस मावळल्यावर. यंदा गच्चीवर कुरडया-पापड नाहीत हे ओघानं आलंच, त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

धाकट्या जाऊबाई काढा घेऊन आल्या होत्या, ताई एकदा घेऊन तर बघा म्हणाल्या. नाही घेतला. त्यात काय काय घातलंय ते त्यांनाच माहीत नाही आणि माझं लिव्हर आधीच तपासणीखाली. त्या जरा फुगल्या. फुगू देत.

माझ्या मामांना हाच आजार होता असं आता वाटतं. तेव्हा स्टिरॉइड आणि अ‍ॅझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं एकत्र द्यायचे, सगळीकडे तसंच चालायचं, आणि २०१२ मध्ये अभ्यासातून कळलं की त्यानं आयपीएफचे पेशंट उलट जास्त दगावतात. पिरफेनिडोन आणि याच आजारावरचं दुसरं औषध निन्टेडानिब, दोन्हींना अमेरिकेत मंजुरी मिळाली ती २०१४ ला. मामा त्याच्या खूप आधी गेले. हे आठवलं की गोळीवरचा राग थोडा कमी होतो, पूर्ण जात नाही.

आज निन्टेडानिबबद्दल विचारलं. १५० ची सकाळ-संध्याकाळ, उन्हाची ही अशी कटकट नाही, पण जुलाब, बऱ्याच जणांना होतात, मग लोपरामाइड जवळ ठेवायचं आणि नाहीच झेपलं तर १०० वर यायचं. लिव्हरची तपासणी त्यालाही आहेच. मळमळ हवी का जुलाब, निवडा! आम्ही दोघं रिक्षात यावर इतके हसलो की मला खोकल्याची उबळ आली आणि रिक्षावाल्यानं बाजूला घेऊन थांबवली.

वजन आज ५१ भरलं, ते आणखी उतरलेलं मला परवडणार नाही, म्हणून पुढच्या पीएफटीपर्यंत (फुप्फुसांच्या तपासणीपर्यंत) हीच गोळी. डिंकाचे लाडू करायला सांगितलेत यांना, वेलदोडा घालू नका म्हटलंय.