आजचा दिवस मांडणीचा

आज एकही टाका घातला नाही, तरी दिवस पूर्ण कामाचा गेला. एका ताईंनी आपल्या आईच्या सुती नऊवारी साड्या गोधडीसाठी दिल्या आहेत. त्या धुऊन, उन्हात वाळवून झाल्यावर आज मी केवळ त्यांची मांडणी करत होते. विरलेले कापड आतल्या थरांत आणि काठ-पदर दर्शनी बाजूस, हा नियम सोपा आहे; परंतु कोणता रंग कोणाशेजारी शोभेल, हे सारे जमिनीवर अंथरून, दूर उभे राहून पाहिल्याशिवाय मला कळत नाही. हा निर्णय मी सकाळच्या उजेडातच घेते, कारण दिव्याखाली गडद निळा आणि जांभळा यांतला फरक दिसत नाही.

शिवताना मी कडेपासून मध्याकडे जाते. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रियाही आपली कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, अशीच शिवतात, आणि तिच्या कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेली त्रिकोणी ‘फुले’ लावतात. कागदावर आराखडा न काढता, हाती येईल त्या तुकड्यातून पुढची दिशा ठरवण्याची त्यांची रीत मला फार मोलाची वाटते, आणि मीही तिच्याच वाटेने जाण्याचा प्रयत्न करते.

मशीनवर हे काम लवकर उरकेल, असे अनेकजण सुचवतात. ते खरे आहे. मात्र हाताच्या धावदोऱ्याने कापडावर उमटणारी बारीक चुणी आणि गोधडीचा मऊपणा मला सोडवत नाही. म्हणूनच मुदत मी आधीच मोठी सांगते आणि मजुरीत घासाघीस स्वीकारत नाही. उद्या थर टाचायला घेईन.