हॉट टबसाठी किती मैल गाडी हाकायची?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून डेलावेअरमधलं विल्मिंग्टन नव्वदेक मैल. डेलावेअरमध्ये सेल्स टॅक्स नाही, त्यामुळे न्यू जर्सीत हॉट टबचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सुचवतं, "पूल ओलांडून जा, टॅक्स वाचेल." वाचत नाही. टब काही डिकीत घालून आणता येत नाही, तो ट्रकनेच येतो. आणि माल न्यू जर्सीत उतरला की टॅक्सही न्यू जर्सीचाच, ६.६२५ टक्के. दुकानदाराने लावला नाही तर तो 'यूज टॅक्स' म्हणून आपणच भरायचा असतो. दहा हजार डॉलरच्या टबवर ६६२ डॉलर ५० सेंट, कुठूनही आणा. सिएटलहून सेल्स टॅक्स नसलेल्या ओरेगनमधल्या पोर्टलंडला जाऊ बघणाऱ्यांचा हिशेबही याच वळणाचा.

लांब जायला खरी कारणं दोनच. आपल्याला हवं ते मॉडेल जवळ कुठे नसणं, आणि पाण्याने भरलेल्या, चालू टबमध्ये प्रत्यक्ष बसून बघायला मिळणं. दुसऱ्या कारणासाठी दोन तास गाडी चालवली तरी ती वाया जात नाही. पण टब बघायला आपण एकदा-दोनदा जातो, आणि दुरुस्तीची व्हॅन आपल्याकडे पुढची दहा-बारा वर्षं येते. अंतर मोजायचं ते त्या व्हॅनचं. ती तासाभराच्या आतून येणार नसेल तर हजार डॉलरची सूटही मी सूट धरणार नाही.

जानेवारीत पंप बंद पडला की हे अंतर भोवतं. बाहेर १५-२० फॅरेनहाइट असलं तरी चारशे गॅलन गरम पाणी लगेच गोठत नाही. झाकण घट्ट आणि इन्सुलेशन चांगलं असेल तर दिवसभर सहज तग धरतं. आधी गोठतं ते कडेच्या पॅनेललगत गेलेल्या बारीक नळ्यांतलं, पंपाच्या तोंडाशी साचलेलं पाणी. तिथे नळी तडकली की बर्फ वितळल्यावरच गळती दिसते, आणि ती टबभोवतीच्या इन्सुलेशनच्या फोममध्ये नेमकी कुठे आहे हे शोधण्यात अर्धा दिवस जातो. "मग टब रिकामा करून टाकू" म्हणाल, तर नुसता ड्रेन उघडून भागत नाही. नळ्यांत पाणी राहतंच. ते शॉप-व्हॅक (पाणीही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर) लावून एकेका जेटमधून, म्हणजे पाण्याची धार सोडणाऱ्या तोटीतून, ओढून काढावं लागतं. म्हणून डीलरला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. "जानेवारीत फोन केला तर किती दिवसांत माणूस येतो, आणि तो तुमचा पगारी माणूस की बाहेरचा?" हे आधी विचारा.

वॉरंटीचा कागदही याच नजरेने वाचायचा. 'शेल (टबचं मुख्य भांडं) १० वर्षं' हे ठळक अक्षरात असतं, पण शेल सहसा बिघडत नाही. बिघडतात पंपाचं सील, हीटर, सर्किट बोर्ड, वरचं कीपॅड, ओझोनेटर (पाणी शुद्ध करायला ओझोन सोडणारं यंत्र). यांची मुदत वेगळी आणि कमी असते. त्यातही पार्ट कंपनीचा, मजुरी कंपनीची, पण टेक्निशियनचा येण्याजाण्याचा खर्च तुमचा, असं बऱ्याच ठिकाणी असतं, आणि तो मैलांवर ठरतो. डीलरच्या ठरलेल्या टापूबाहेर राहत असाल तर तो यायला बांधीलही नसतो. हे तोंडी नको, बिलावर लिहून घ्या.

फेअरग्राउंडवर शुक्रवार ते रविवार लागणाऱ्या 'स्पा एक्स्पो'चं काय? माल वाईटच असतो असं नाही. पण सोमवारी तंबू उठतो आणि विकणारा दुसऱ्या राज्यात गेलेला असतो. ऑनलाइन किंवा होलसेल क्लबमधून मागवलेला टब बहुधा पॅलेटवर घरासमोरच्या रस्त्याकडेला उतरवून ट्रक निघून जातो. तिथून मागच्या अंगणात नेणं, उभा करणं, रिकामं खोकं उचलून नेणं हे सगळं आपल्या गळ्यात. किंमत लावताना हा खर्च धरा.

आता बसून बघण्याबद्दल. निघण्यापूर्वी फोन करून खात्री करा की नेमकं तेच मॉडेल भरलेलं आणि गरम आहे; त्याच घराण्यातला मोठा किंवा छोटा भाऊ नको, कारण सीटचे आकार मॉडेलगणिक बदलतात. पोहण्याचे कपडे न्या. आडोशाची खोली असते का आणि वेळ ठरवून यावं लागतं का, हे विचारायला संकोच करू नका. दुकानदारांना हा प्रश्न नवा नसतो. घरातला सगळ्यात बुटका आणि सगळ्यात उंच माणूस, दोघंही हवेत. पाच फूट दोन इंचाची व्यक्ती खोल सीटमध्ये बसली की पाणी हनुवटीला येतं, आणि झोपायच्या सीटवर, म्हणजे लाउंजरवर, तिचे पाय पलीकडच्या भिंतीला टेकत नाहीत. पाय टेकले नाहीत की अंग वर तरंगतं आणि पाठीचे जेट नुसतेच पाण्यात फवारत राहतात. लाउंजर दोन माणसांची जागा खातो. घरात चौघं एकत्र बसणार असतील तर माझं मत सरळ लाउंजरच्या विरोधात आहे.

प्रत्येक सीटवर पाच मिनिटं बसा. आधी फक्त आपल्या सीटचे जेट चालू ठेवा, मग सगळे उघडायला सांगा. आपल्या पाठीवरचा जोर एकदम निम्म्यावर आला, तर पंपाच्या मानाने जेट जास्त लावलेत. साठ जेट आणि एक पंप यापेक्षा तीस जेट आणि दोन पंप केव्हाही चांगले. मोटारीवर '६ एचपी' (अश्वशक्ती) लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, मोटारीच्या पाटीवरचे अँपिअर वाचा. १२ अँपिअर गुणिले २४० व्होल्ट म्हणजे २८८० वॅट. एक अश्वशक्ती ७४६ वॅटची, तेव्हा एक थेंबही ऊर्जा वाया गेली नाही असं धरलं तरी चारच्या आतच आकडा येतो. बाकीचे दोन स्टिकरवरचे.

मग टबमधून बाहेर या आणि बाजूचं पॅनेल उघडून दाखवायला सांगा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर तेही उत्तरच आहे. आत काय बघायचं? पोकळी फोमने पूर्ण भरलेली आहे की फक्त भिंतींना थर दिलाय. थंड प्रदेशात पूर्ण फोम उष्णता चांगली धरतो, वीज गेली तरी वेळ मिळतो. गळती शोधताना मात्र तो खरवडून काढावा लागतो. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या हिवाळ्यासाठी मी तरी पूर्ण फोमच निवडेन. पंपाच्या दोन्ही बाजूंना झडप आणि फिरवून उघडता येणारे युनियन आहेत का, ते बघा. नसतील तर एक सील बदलायला चारशे गॅलन पाणी सोडून द्यावं लागतं. कंट्रोल बॉक्सवर बाल्बोआ किंवा गेको या कंपन्यांचं नाव असेल तर पार्ट सर्वत्र मिळतात आणि कुठलाही टेक्निशियन हात घालतो. काही मोठ्या कंपन्या स्वतःचेच बोर्ड वापरतात. ते वाईट नसतात, पण मग तुम्ही त्यांच्याच डीलरला बांधले जाता. अशा वेळी अंतराचा मुद्दा आणखी कडक करा.

झाकण हा भाग लोक फुकटात आलेली वस्तू समजतात. उष्णता जाते ती मुख्यतः वरूनच. मधोमध पाच आणि कडेला चार किंवा तीन इंच जाडीचं उतरतं झाकण हवं, म्हणजे पावसाचं पाणी थांबत नाही. मधल्या घडीखाली वाफ अडवणारी पट्टी हवी. तीन ते पाच वर्षांत आतल्या फोममध्ये वाफ मुरून झाकण जड होतं. एका हाताने उचलेनासं झालं की बदलायचं, सुकवत बसायचं नाही. कुलूप लावता येतं का बघा, आणि ते एएसटीएम एफ१३४६ या मानकाचं आहे का विचारा. अनेक गावांत असं झाकण असेल तर वेगळ्या कुंपणाची अट सुटते. गावाच्या बिल्डिंग खात्यात आणि एचओए (घरमालकांची संघटना) असेल तर तिथेही आधी विचारून घ्या.

साध्या सॉकेटला लावायचे १२० व्होल्टचे टब स्वस्त पडतात आणि भाड्याच्या घरात सोयीचे असतात. पण आकडे बघा. नळाचं पाणी हिवाळ्यात ४५ फॅरेनहाइट धरलं आणि चारशे गॅलन १०० पर्यंत न्यायचं म्हटलं, तर साधारण ५४ युनिट वीज लागते. साडेपाच किलोवॅटचा हीटर हे काम दहा तासांत उरकतो. १५ अँपिअरच्या सर्किटवर हीटर एक किलोवॅटच्या आसपासच बसतो, म्हणजे दोन दिवसांहून जास्त, आणि वाटेत निसटणारी उष्णता वेगळी. शिवाय जेट जोरात चालू केले की त्या सर्किटवर हीटरला वीज उरत नाही, तो बंद होतो. बाहेर बर्फ असताना अर्ध्या तासात पाणी कोमट लागायला लागतं. कायमच्या घरासाठी २४० व्होल्ट, ५० अँपिअरचा जीएफसीआय (वीज गळली की लगेच तोडणारा) ब्रेकर आणि चार तारांची जोडणी हाच मार्ग. वीज तोडायचा स्विच टबवरून दिसेल असा, पण पाण्यापासून किमान पाच फूट दूर. घराच्या विजेच्या पॅनेलमध्ये जागा आहे का, हे इलेक्ट्रिशियनला दाखवूनच टब ठरवा. पॅनेल बदलावं लागलं तर बजेट तिथेच कोलमडतं.

वजनाचा हिशेब तर वहीवरच होतो. एक गॅलन पाणी ८.३४ पाउंड, चारशे गॅलनचे ३३३६. रिकामा टब ८०० आणि पाच माणसं ८०० धरा, एकूण पाच हजार पाउंडांच्या जवळ. सात फूट बाय सात फुटांच्या टबखाली चौरस फुटाला शंभर पाउंड. घराचा लाकडी डेक साधारण ४० पाउंडांच्या हिशेबाने बांधलेला असतो. "डेक मजबूत आहे हो" म्हणणाऱ्याला हे दोन आकडे शेजारी मांडून दाखवावेत. जमिनीवर चार इंच जाडीचा काँक्रीटचा सपाट स्लॅब उत्तम. एक कोपरा खचला तर शेलवर ताण येतो, आणि ते नुकसान वॉरंटीत बसत नाही.

वाटही मोजून ठेवा. टब कडेवर उभा करून ढकलगाडीवरून आणतात, तेव्हा त्याची उंची रुंदी होते आणि रुंदी उंची. तीन फूट उंच, सात फूट रुंद टबला चाळीस-बेचाळीस इंचांचं फाटक आणि डोक्यावर आठ फूट मोकळी जागा हवी. घराच्या कडेला एसीचा कंप्रेसर, गॅस मीटर, खाली आलेला पन्हळ, या तिघांनी कित्येक डिलिव्हऱ्या अडवल्यात. मग क्रेन बोलवावी लागते आणि खर्च वाढतो.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे डोक्याला चोपडलेलं खोबरेल. तेल फिल्टरच्या घड्यांत बसतं, पाण्याच्या काठाला चिकट कड धरते आणि जेट चालू केले की फेस वर येतो. नुसतं क्लोरीन वाढवून तो जात नाही. आधी शॉवर, केस धुऊन किंवा वर बांधून, आणि पोहण्याचे कपडे साबणाशिवाय नुसत्या पाण्यात खळबळलेले; कपड्यातला उरलेला डिटर्जंटही तितकाच फेस करतो. क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाखांत तीन भाग), पीएच ७.२ ते ७.८. फिल्टर दर पंधरवड्याला पाइपने धुवायचा आणि अधूनमधून क्लीनरमध्ये भिजवायचा. पाणी बदलण्याचा सोपा हिशेब: गॅलन भागिले तीन, भागिले रोज बसणारी माणसं. चारशे गॅलन आणि दोन माणसं, तर ६६ दिवस. भारतातून आई-बाबा सहा महिने येणार असतील तर माणसं वाढवून पुन्हा भागा, आणि त्यांच्यासाठी कठडा असलेली पायरी घ्या, कारण टबची भिंत तीन फूट उंच असते. पाण्याचं तापमान १०४ फॅरेनहाइटच्या वर कुणासाठीच नको. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पाच वर्षांखालच्या मुलांना टबमध्ये बसवू नये.

राहिली वेळ. हिवाळ्यात वापरायचा म्हणून लोक नोव्हेंबरात दुकानात जातात, तेव्हा उशीर झालेला असतो. वायरच्या पीव्हीसी पाइपसाठी १८ इंच खोल चर खणायचा असतो, परमिट आणि इन्स्पेक्शनला आठवडे जातात, आणि थंडी पडल्यावर काँक्रीट नीट धरत नाही. ओतल्यावर निदान आठवडाभर तरी त्यावर टब ठेवू नये. तेव्हा बसून बघणं उन्हाळ्यात, ऑर्डर ऑगस्टमध्ये, स्लॅब सप्टेंबरात. पहिलं पाणी भराल तेव्हा नळी टबमध्ये न सोडता फिल्टरच्या कोनाड्यात सोडा, म्हणजे पंपात हवा अडकत नाही; तरी अडकलीच आणि कीपॅडवर पाण्याच्या प्रवाहाची चूक दिसू लागली, तर वीज बंद करून पंपाचा वरचा युनियन जरा सैल करा, हवा फुसकन निघून पाणी झिरपायला लागलं की घट्ट करा. एवढ्यासाठी व्हॅन बोलवायची गरज नाही.