११.५ की ११.८?

माझ्या चष्म्याचा नंबर उणे ११. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ. त्यामुळे लॅसिक, म्हणजे लेझरनं नंबर घालवणं, बाद झालं आणि आयसीएल उरली. ही मऊ लेन्स बुबुळाच्या, म्हणजे डोळ्यातल्या रंगीत पडद्याच्या मागे, आपल्या नैसर्गिक भिंगाच्या पुढे बसवतात. नंबर कळला की लेन्स मागवायची, एवढंच मला वाटत होतं. पण लेन्सची लांबीही जुळावी लागते, आणि नेहमीच्या आयसीएलची मापं चारच: १२.१, १२.६, १३.२ आणि १३.७ मिलिमीटर.

पहिल्या दवाखान्यात एका मशीनवर, एकदाच माप घेतलं. कॉर्नियाची रुंदी ११.८, म्हणून लेन्स १३.२. लगेच आगाऊ रक्कम भरा म्हणाले. आई म्हणाली, ‘‘डोळ्याचं काम आहे, अजून एकाला दाखवू.’’ त्या एका वाक्याचे उपकार मी विसरणार नाही.

दुसरीकडे रुंदी आली ११.५. त्या मापाला लेन्स १२.६ बसते! मी घाबरलेच. डॉक्टर मॅडमनी कागदावर डोळा काढून दाखवला. कॉर्नियाची कड कुठे संपते हे प्रत्येक मशीन आपल्या पद्धतीनं ठरवतं, म्हणून आकडे थोडे वेगळे येतात. शिवाय लेन्स टेकते बुबुळामागच्या खाचेत, आणि ती बाहेरून दिसत नाही. ओसीटी या तपासणीत प्रकाशानं डोळ्याच्या आतली प्रतिमा घेतात, पण तो प्रकाशही बुबुळाच्या रंगद्रव्यापुढे अडतो. तिथपर्यंत ध्वनिलहरी पोचतात, म्हणून यूबीएम, म्हणजे डोळ्याची बारीक सोनोग्राफी, करायचं ठरलं.

मला उताणं झोपवलं, डोळा सुन्न करणारे थेंब घातले. मग पापण्यांच्या मध्ये प्लॅस्टिकची छोटी वाटी बसवून तिच्यात सलाइन भरलं. थोडं ओघळून कानात गेलं, गार लागलं. दुखलं अजिबात नाही. दुसऱ्या डोळ्यानं छतावरच्या एका ठिपक्याकडे बघत राहायचं होतं. डाव्या डोळ्याची प्रतिमा तिरकी आली, तर तंत्रज्ञ ताई म्हणाल्या, ‘‘परत घेऊ, घाई नको,’’ आणि तीनदा घेतली. मला त्या क्षणी खूप विश्वास वाटला.

खाचेपासून खाचेपर्यंतचं अंतर दोन्ही डोळ्यांत ११.६ च्या आसपास आलं. पुढच्या कप्प्याची, म्हणजे कॉर्निया ते भिंग या जागेची, खोली ३.१ मिलिमीटर. सगळं एकत्र धरून मॅडमनी १२.६ ठरवली. मी विचारलं, ‘‘मोठी बसली असती तर?’’ त्या म्हणाल्या, बुबुळ पुढे ढकललं जातं, डोळ्याच्या आतलं पाणी निचरण्याचा कोन अरुंद होतो, आतला दाब वाढू शकतो. आणि लहान पडली तर नैसर्गिक भिंगाच्या फार जवळ जाते, मोतीबिंदूचा धोका वाढतो. कुणी आयसीएलचा विचार करत असाल तर पैसे भरण्याआधी हे जरूर विचारा: माप कितीदा घेतलं, कशावर घेतलं, आणि बुबुळामागचं बघितलं का?

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी ओसीटी झाली. पडद्यावर दोन कमानी, वरची लेन्सची, खालची माझ्या भिंगाची. मध्ये काळी फट. मॅडमनी दोन्हींवर कर्सर टेकवला: ४८० मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ अर्धा मिलिमीटर. ‘‘अगदी हवं तेवढं,’’ त्या म्हणाल्या. तो आकडा मी चष्म्याशिवाय वाचला.