रेंजफाइंडर पारखायचा तो खिडकीतून

रविवार, ठाणे. पाऊस उघडलाय.

जांभळी नाक्यावर सकाळच्या गर्दीत रेंजफाइंडर (दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायचा कॅमेरा) डोळ्याला लावला की मेगापिक्सेल मागे पडतात. उरते ती खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर: तीत किती मोठं दिसतं, चौकटीबाहेरचं किती दिसतं आणि मधल्या पॅचमधल्या दोन प्रतिमा किती पटकन जुळतात.

एप्सन आर-डी१ (२००४) या बाबतीत अजूनही लाडका. खिडकी १:१, म्हणजे तीत सगळं नुसत्या डोळ्याला दिसतं तेवढंच दिसतं, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात आणि भाजीच्या टोपलीभोवती पांढरी चौकट नुसती तरंगत राहते. लायकात हे सुख नाही. पण फोकसची अचूकता ठरते ती रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचा मोठेपणा यावर. गुणाकार जितका मोठा, तितका फोकस नेमका. एप्सनमध्ये हा आकडा ३८.२ मिमी, लायका एम८ आणि एम९मध्ये साधारण ४७, एम१० आणि एम११मध्ये ५०.६. अपर्चर (लेन्समधलं छिद्र) १.४ला उघडून जवळचा चेहरा घेताना हा फरक जाणवतो.

एम८ (२००६) इन्फ्रारेड पुरेसं अडवत नाही. पावसाळ्यात काळ्या नायलॉनच्या छत्र्या जांभळट येतात, म्हणून लेन्सवर यूव्ही-आयआर फिल्टर हवाच. एम९ (२००९) फुल फ्रेम, म्हणजे सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, रंग सुरेख. पण सेन्सरवरची काच दमटपणाने खराब होते आणि आपली हवा तर खाडीकाठची. जुना एम९ घेताना अपर्चर १६वर पांढऱ्या आकाशाचा फोटो काढून मोठा करून पाहावा. पुसूनही न जाणारे, कडेला वलय असलेले ठिपके दिसले तर तो घेऊ नये, किंमत कितीही उतरली तरी.

चौकटीबद्दल एक गोष्ट: एम९च्या फ्रेमलाइन (खिडकीत फोटोची हद्द दाखवणाऱ्या रेषा) १ मीटरसाठी, नंतरच्या एम२४०च्या २ मीटरसाठी आखल्या आहेत. मासुंदा तलावाच्या पलीकडचा काठ टिपताना एम९मध्ये कडेला बरंच जास्तीचं येतं.

एम११चे ६० मेगापिक्सेल मात्र बारीकशी चूकही लपवत नाहीत. एप्सनचे ६ लपवतात. म्हणून रेंजफाइंडरची जुळणी तपासायलाच हवी. कळव्याच्या खाडीपुलावरून, निदान किलोमीटरभर लांबच्या टॉवरची उभी कड पॅचमध्ये घ्यावी (आडव्या रेषेवरून काही कळत नाही) आणि लेन्स अनंतावर ठेवावी. कड दुहेरी दिसली, तर माउंटच्या आतलं रोलर (लेन्सला टेकून तिचा फोकस रेंजफाइंडरला कळवणारं चाक) सरकलेलं असतं. मग १ मीटरवर पट्टी तिरकी ठेवून, अपर्चर पूर्ण उघडून एक फोटो काढावा. अनंत बरोबर, पण जवळ चुकतंय, तर रोलरच्या दांड्याची लांबी बिघडलेली. ते काम कारागिराचंच. हे सगळं दुसऱ्या लेन्सवरही करून पाहावं, कारण दोष एकाच लेन्सवर दिसला तर तो लेन्सचा, कॅमेऱ्याचा नाही. प्रतिमा एकीवर एक अशा वरखाली दिसत असतील, तर फोकस चुकत नाही, पण डोळा थकतो आणि जुळवायला वेळ लागतो.