तुम्ही विचारलंत म्हणून: फिजिओ असून पुन्हा शिकायला का चालले आहे

"बीपीटी झालंय, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी आहे, हातात काम आहे, मग आणखी दोन वर्षं आणि एवढं कर्ज अमेरिकेतल्या त्या ॲथलेटिक ट्रेनिंगसाठी, मैदानावरच्या दुखापती सांभाळायला शिकण्यासाठी, कशाला?" नौपाड्यात गुडघा शेकायला येणाऱ्या काकूंपासून बाबांच्या लोकलमधल्या मित्रांपर्यंत सगळ्यांचं हे विचारून झालंय. जास्त माहिती असलेले म्हणतात, अमेरिकेलाच जायचं तर डीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीतली डॉक्टरेट कर, तीन वर्षं लागतील पण पगार तरी बरा. खरं आहे. ॲथलेटिक ट्रेनरला तिथेही फिजिओपेक्षा कमीच मिळतं. हे माहीत असूनच मी अर्ज केला, तेव्हा तो विषय पुन्हा नको.

इथेच एमपीटी स्पोर्ट्स, म्हणजे खेळांच्या फिजिओथेरपीतली मास्टर्स का नाही, हा प्रश्न मात्र रास्त आहे. माझ्या मैत्रिणी ते करून उत्तम काम करताहेत. लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्या मुलीला नऊ-नऊ महिने धीर देत पुन्हा खेळायला उभं करणं सोपं नाही. पण मला त्याच्या आधीची दहा मिनिटं शिकायची आहेत, खेळाडू पडतो तिथली. मान कशी धरायची, हेल्मेट काढायचं की राहू द्यायचं, उष्माघात झालेल्या धावपटूला आधी बर्फाच्या पाण्यात बुडवायचं आणि मगच रुग्णवाहिकेत घालायचं. तिथे हे संघाबरोबर मैदानात राहून शिकवतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्येच याला आरोग्यसेवेतला व्यवसाय म्हणून मान्यता दिली आहे, आणि २०२२ नंतर त्याच्या पदवी अभ्यासक्रमाला नवे प्रवेशही बंद झाले, आता थेट मास्टर्स. तेव्हा याला 'जिमचा कोर्स' म्हणू नका.

आता जे घरातही धड सांगितलेलं नाही, ते सांगते.

कळव्यात रात्रीचे कबड्डीचे सामने होते. मंडळाने मला फिजिओ म्हणून बसवलं होतं. प्लास्टिकची खुर्ची, स्प्रे आणि बर्फाची पिशवी, एवढीच तयारी. उपांत्य सामन्यात चढाईला गेलेल्या एका पोराला पकडीत मागे खेचलं आणि कोपरारक्षकाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. शुद्ध हरपली नव्हती. उठला, माती झटकली आणि समोरच्या संघाच्याच अंगणात जाऊन उभा राहिला. लोक हसले. मी धावले. "शेवटचा गुण कोणी घेतला?" तो नुसता माझ्या ओठांकडे बघत राहिला. "हे मैदान कुठलं?" म्हणाला, "भिवंडी." आधीच्या आठवड्यात तो तिथे खेळला होता.

मी म्हटलं, बाहेर. त्याचे प्रशिक्षक म्हणाले, "ताई, दुपारपासून खेळतोय, दमलाय नुसता. स्प्रे मारा आणि सोडा." मी सांगितलं, डोक्याला मार लागून गोंधळलेल्या खेळाडूला त्या दिवशी परत उतरवायचं नसतं, लक्षणं तासाभरानेही वाढू शकतात. पंचांकडे गेले. ते म्हणाले, संघ ठीक म्हणतोय तर आम्ही काय करणार? आयोजकांपैकी एकाने मला हलकेच खुर्चीकडे वळवलं, "मॅडम, फायनल बाकी आहे, वातावरण नका बिघडवू."

पोरगा उतरला. चढायाही केल्या. सामना संपला तेव्हा मंडपामागे बसून ओकत होता. रुग्णवाहिका नव्हती, रिक्षाने नेला. स्कॅन चांगला आला आणि सगळे मोकळे झाले. पुढे कितीतरी दिवस त्याला ट्यूबलाइट सहन होत नव्हती, पुस्तक उघडलं की डोकं ठणकायचं, आणि ते बारावीचं वर्ष होतं. त्याच्या आईने मला एवढंच विचारलं, "तू तिथंच होतीस ना गं?"

होते. बरोबर तेच सांगत होते आणि त्याला काडीची किंमत नव्हती.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळात, निदान एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या वरच्या गटात, जायबंदी खेळाडू परत कधी उतरवायचा हे डॉक्टर आणि ॲथलेटिक ट्रेनर ठरवतात. प्रशिक्षकाला तो निर्णय फिरवता येत नाही, तसा नियमच आहे. दबाव तिथेही येत असणार, मी भाबडी नाही.

कळव्याच्या त्या सामन्यानंतर मला वाटायचं, मोठी पदवी असती तर माझं ऐकलं असतं. आता तसं वाटत नाही. त्या आयोजकाने माझं प्रमाणपत्र पाहिलं होतं कुठे? अधिकार नियमाने येतो, आणि नियम काही बॅगेत घालून ठाण्याला आणता येत नाही. मग जातेस कशाला? कारण नियम असलेलं मैदान चालतं कसं, हे मी कधी पाहिलेलंच नाही. तिथे सामन्याआधी दोन्ही संघांची दुखापती बघणारी माणसं एकत्र येऊन कोण काय करणार, रुग्णवाहिका कुठल्या फाटकातून येणार हे ठरवतात म्हणे. आपल्याकडे २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला, गोविंदांचा विमाही उतरवला जातो. पण थर कोसळले की खालच्या पोराची मान न हलवता धरायला कोण असतं? पोरं त्याला हातापायाला धरून उचलतात आणि पळतात. त्यांच्यावर राग नाही माझा, त्यांना कोणी दाखवलेलंच नाही.

आई म्हणते, नियम करणारे मंत्रालयात बसतात, तुझ्या पदवीने ते हलणार नाहीत. परत आल्यावर तुला त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवतील. मला तिचं म्हणणं अजून खोडता आलेलं नाही. कर्ज मंजूर झालंय, आणि सहकर्जदार म्हणून सही तिचीच आहे.