मोटारसायकलचा धनी बदलतो तेव्हा

नोव्हेंबर २०२५ मध्ये मोटारसायकली बनवणाऱ्या केटीएम कंपनीचा ताबा बजाज ऑटोकडे गेल्याची बातमी आली, त्या संध्याकाळी पुण्याहून माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, अभिनंदन! तुझी गाडी आता आपल्या पुण्याची झाली," तो म्हणाला. त्याचा आनंद खरा होता आणि मलाही बरे वाटले. ऑस्ट्रियातील मॅटिगहोफेन गावाचे नाव मिरवणारी कंपनी बजाजच्या आकुर्डीच्या कारभाराखाली यावी, ही मराठी माणसाला सुखावणारीच गोष्ट आहे. फोन ठेवल्यावर मात्र मी खाली अंगणात गेलो आणि तेथे उभ्या असलेल्या माझ्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरकडे पाहत राहिलो. ही गाडी पहिल्या दिवसापासूनच बजाजच्या, पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात तयार झालेली आहे. मग नेमके बदलले काय, आणि इंदूरच्या लोकमान्यनगरात राहून वर्षातून आठ-दहा वेळा मांडू, महेश्वर, जानापाव असे फिरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने त्याचा काय अर्थ घ्यावा, हा प्रश्न त्या दिवसापासून मनात घोळत आहे.

या प्रश्नाकडे मी कोरड्या मनाने पाहू शकत नाही, कारण धनी गमावलेल्या गाडीसोबत मी लहानाचा मोठा झालो. बाबांनी १९८४ मध्ये येझ्दी रोडकिंग घेतली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीकडून तंत्रज्ञान घेऊन १९६०च्या दशकारंभी मोटारसायकली बनवण्यास सुरुवात केली आणि १९७३ पासून त्या येझ्दी या नावाने विकल्या. दोन सायलेन्सरांची, २५० सीसीची, पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारी ती टू-स्ट्रोक गाडी भेरू घाट चढताना जो आवाज करी, तो मला आजही ओळखता येईल. किकचा आणि गिअरचा दांडा एकच. किक मारून झाली की तोच दांडा आत दाबून पुढे फिरवायचा आणि त्यानेच गिअर टाकायचा. नवख्या माणसाला हे कधीही चटकन उमजत नसे, आणि बाबांना त्याचा थोडा अभिमानही होता.

१९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. बाबांनी त्या दिवसांत घरात फारसे काही बोलून दाखवले नाही. मात्र पुढच्या पुणे-फेरीत मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारातून दोन पिस्टन, रिंगांचे संच आणि क्रँकचे बेअरिंग घेऊन ते परतले आणि ते सारे सामान आईच्या शिवणयंत्राच्या खणात तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले. पुढची बावीस वर्षे ती गाडी इंदूरच्या छावणी भागातील एका उस्तादांच्या हातावर चालली. कंपनी नव्हती, अधिकृत सेवा केंद्र नव्हते आणि हमीपत्र तर कधीच संपलेले होते. तरी गाडी थांबली नाही. सिलिंडर झिजले की बोअर करून घ्यायचे आणि मोठ्या मापाचा पिस्टन बसवायचा; बुश खरातावर काढून घ्यायचा; पॉइंटमधील फट पाते घालून डोळ्यांनी जुळवायची; क्लचची केबल तुटली तर दुसऱ्याच गाडीची केबल कापून शिशाने तिला टोक करायचे. त्या गाडीत असे फारच थोडे होते की जे डोळ्यांना दिसत नव्हते किंवा कानांना ऐकू येत नव्हते. म्हणूनच येझ्दी नावाचा धनी नाहीसा झाला तरी येझ्दी चालवणाऱ्याचे फारसे बिघडले नाही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझ्दीवाल्यांचा दिवस असतो. अजूनही आम्ही पाच-सात जण त्या सकाळी राजवाड्यापाशी जमतो, आणि सर्वांत नवी गाडीसुद्धा तिशीच्या आसपास असते.

पुढे महिंद्राचा मोठा हिस्सा असलेल्या क्लासिक लेजंड्स या कंपनीने २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझ्दी हे नाव पुन्हा रस्त्यावर आणले. इंदूरकरांच्या दृष्टीने यात एक विशेष गोष्ट होती: या नव्या गाड्या आमच्या शेजारच्या पिथमपूरलाच तयार होऊ लागल्या. ज्या आवारात त्या तयार होतात त्याचा इतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९८०च्या दशकात तेथे कायनेटिक होंडाच्या स्कूटरी बनत. १९९८ मध्ये होंडाने आपला हिस्सा फिरोदियांच्या कायनेटिकला विकून अंग काढून घेतले. २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय महिंद्राने घेतला. माझ्या आत्याचे यजमान होंडाच्या काळात तेथे लागले आणि महिंद्राच्या काळात निवृत्त झाले. त्यांच्या पेटीत तीन निरनिराळी ओळखपत्रे आहेत. डबा ठेवण्याचे कपाट मात्र अखेरपर्यंत एकच होते, असे ते सांगतात. मालकी बदलाच्या बातम्यांत आपण ज्यांची छायाचित्रे पाहतो त्यांच्यापेक्षा मला या कपाटाबद्दल अधिक विश्वास वाटतो, कारण ज्या हातांना जुळवणीची सवय आहे ते हात जागेवर राहिले तर पाटी बदलली तरी गाडी नीट निघते.

परंतु जुन्या येझ्दीच्या मालकाला या पुनरागमनाने काय दिले, हे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. नव्या गाडीचे इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे, वेगळ्याच घराण्याचे आहे. पिस्टन, क्रँक, पॉइंट यांतील काहीही बाबांच्या रोडकिंगला लागू पडत नाही. नाव परत आले. जुन्या गाडीचे सामान परत आले नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण नवा धनी नव्या ग्राहकासाठी आला होता. तथापि एखाद्या ब्रँडचे नाव विकले जाणे आणि एखाद्या चालत्या कंपनीची मालकी बदलणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, आणि चालवणाऱ्याने सर्वप्रथम हाच फरक पाहावा. चालत्या कंपनीचे समभाग एका हातून दुसऱ्या हाती गेले तर कंपनी तीच राहते, तिचे करार, तिची हमी आणि तिची देणीही तीच राहतात. बुडालेल्या कंपनीचे केवळ नाव, आराखडे आणि यंत्रे विकत घेतली गेली, तर जुन्या ग्राहकाला दिलेला शब्द नव्या धन्याला आपोआप बांधत नाही. टीव्हीएसने एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडची बुडालेली मोटारसायकल कंपनी नॉर्टन १.६ कोटी पौंडांना घेतली ती दुसऱ्या प्रकारची खरेदी होती. आगाऊ पैसे भरूनही गाडी न मिळालेल्या जुन्या ग्राहकांना तेव्हा या फरकाचा अर्थ कळला.

पहिल्या प्रकारचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरच घडले आणि आपण ते जवळजवळ विसरलो. डिसेंबर २०१० मध्ये हीरो आणि होंडा यांनी फारकत जाहीर केली आणि होंडाचा २६ टक्के हिस्सा हीरोने घेतला. माळव्यातील गावोगावच्या दूधवाल्यांच्या स्प्लेंडर गाड्यांचे आता काय होणार, अशी चिंता त्या वेळी मी स्वतः ऐकली आहे. झाले काहीच नाही. पुढील काही वर्षे होंडाचे तंत्रज्ञान वापरण्याची मुभा करारातच होती, कारखाने आणि विक्रेत्यांचे जाळे हीरोकडेच राहिले, आणि टाकीवरील नाव बदलले तरी साखळी व स्प्रॉकेट पूर्वीच्याच दुकानात मिळत राहिले. सप्टेंबर २०२० मध्ये हार्ले-डेव्हिडसनने हरियाणातील बावलचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले तेव्हा मात्र तिच्या भारतीय ग्राहकांची झोप उडाली होती. पुढच्याच महिन्यात हीरोने विक्री, सेवा आणि सुट्या भागांची जबाबदारी घेतली म्हणून ते प्रकरण निभावले.

आता केटीएमकडे वळतो, कारण तेथे मामला अधिक गुंतागुंतीचा आहे. बजाजने या कंपनीत प्रथम पैसे गुंतवले ते २००७ मध्ये, साडेचौदा टक्क्यांपासून. जानेवारी २०१२ मध्ये चाकणला बनलेली २०० ड्यूक भारतात आली. त्यानंतर केटीएमचे तेव्हाचे प्रमुख श्टेफान पिअरर यांचा गट आणि बजाज यांनी मिळून ही गाडी जगभर नेली. नोव्हेंबर २०२४च्या अखेरीस मॅटिगहोफेनच्या कंपनीने न्यायालयात नादारीचा अर्ज केला. गोदामांत न विकलेल्या गाड्या आणि डोक्यावर अब्जावधी युरोंचे कर्ज अशी तिची अवस्था होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये धनकोंनी येण्याच्या ३० टक्के रकमेवर समाधान मानण्यास संमती दिली, ती रक्कम उभी करण्यासाठी आणि कारखाना पुन्हा चालू करण्यासाठी बजाजने एकूण ८० कोटी युरोंची तजवीज केली, आणि अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये आवश्यक परवानग्या मिळून ताबा बजाजकडे आला. योगायोग असा की, नादारीचा अर्ज झाला त्याच नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने आपल्या आयात केलेल्या मोठ्या गाड्या भारतात विक्रीस आणल्या होत्या.

त्या वर्षभरात माझ्या ३९० ॲडव्हेंचरला, म्हणजे या ३७३ सीसीच्या गाडीला, काहीही झाले नाही. तिचे इंजिन, सांगाडा आणि बहुतेक सामान चाकणच्या पुरवठा-साखळीतूनच येते, आणि ती साखळी ऑस्ट्रियातील कारखाना थांबला तरी थांबणारी नव्हती. मात्र आयात झालेली मोठी केटीएम घेण्याच्या विचारात असलेल्या माझ्या एका मित्राने हात आखडता घेतला, आणि मी त्याला तसाच सल्ला दिला होता. गाडी कोणत्या देशातील नावाने ओळखली जाते हे बाजूला ठेवून तिचा प्रत्येक भाग कोणत्या गावात बनतो हे विचारावे, असे माझे मत त्या काळात पक्के झाले.

तरीही मी निश्चिंत नाही, आणि त्याचे कारण बाबांच्या येझ्दीत आणि माझ्या गाडीत असलेल्या अंतरात आहे. माझ्या गाडीचे थ्रॉटल तारेने ओढले जात नाही. मूठ फिरवल्यावर एक संगणक झडप किती उघडावी ते ठरवतो. वळणावर ब्रेक किती धरावा, मागचे चाक घसरत असताना शक्ती किती तोडावी, हेही तोच पाहतो. गेल्या पावसाळ्यात मानपूरच्या पुढे इंजिनचा दिवा लागला तेव्हा मी सवयीने आधी छावणीत उस्तादांकडे गेलो. आता ते सत्तरीत आहेत. त्यांनी गाडी भोवती फिरून पाहिली, इंजिनवर कान लावला आणि शांतपणे म्हणाले, "बेटा, इसे लैपटॉप वाले के पास ले जाओ." त्यांच्या स्वरात राग नव्हता, पण मला ते वाक्य लागले. ज्या माणसाने एक अख्खी बेवारस झालेली गाडी बावीस वर्षे जिवंत ठेवली, त्याच्या हाताला या गाडीत शिरण्यास वाट नाही. ती वाट कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून जाते आणि त्या सॉफ्टवेअरची किल्ली ज्याच्याकडे आहे तो गाडीचा अर्धा धनी असतो, मी पूर्ण किंमत मोजली असली तरी.

याचा कडू अनुभव आमच्या घरी अलीकडेच आला. सौभाग्यवतींनी तीन वर्षांपूर्वी एका लहानशा कंपनीची विजेवर चालणारी स्कूटर घेतली. ती कंपनी चालवणारे बदलले, तिचे मोबाइल ॲप बंद पडले आणि मोटारीचा वीजपुरवठा सांभाळणारा कंट्रोलर नादुरुस्त झाला तेव्हा चार महिने स्कूटर जिन्याखाली उभी राहिली. सियागंजात, सांवेर रोडवर, ओळखीच्या प्रत्येक कारागिराकडे विचारून झाले. बॅटरी ठणठणीत, चाके ठणठणीत, पण तळहाताएवढ्या एका डबीला दुसरा पर्याय नाही आणि ती उघडून तिच्यात हात घालता येत नाही. बाबांच्या काळात मालक बुडाला तर गाडी म्हातारी होई. आज ती एका दिवसात निकामी होऊ शकते.

म्हणून बजाजकडून माझी अपेक्षा घोषणांची नाही. चाकणला गाड्या पूर्वीही बनत होत्या आणि पुढेही बनतील. या पूर्वी तयार झालेल्या, म्हणजे माझ्यासारख्या हजारो लोकांकडील ३७३ सीसीच्या इंजिनांचे सुटे भाग किती वर्षे मिळत राहतील, हे कंपनीने लेखी जाहीर करावे. हमी संपलेल्या गाड्यांच्या निदानाची साधने बाहेरच्या शिकलेल्या कारागिरांना विकत मिळावीत, म्हणजे उस्तादांचा नातू, जो आयटीआयमधून शिकून आता दुकानात बसतो, तो माझी गाडी हातात घेऊ शकेल. आणि संशोधनाचे काम मॅटिगहोफेनहून कितीही प्रमाणात पुण्याकडे आले तरी, कच्च्या रस्त्यावर गाडीचा सस्पेन्शन ज्या निगुतीने बसतो ती तेथल्या माणसांची विद्या खर्चकपातीच्या नावाखाली गमावू नये. अमेरिकेत १९६९ ते १९८१ या काळात हार्ले-डेव्हिडसन एएमएफ या कंपनीकडे होती. उत्पादन वाढवण्याच्या घाईत दर्जा ढासळला आणि अखेर कंपनीतल्याच तेरा जणांनी तिला परत विकत घेतले. त्या बारा वर्षांतील गाड्यांना आजही वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

मी गाडी विकणार नाही, हे ठरले आहे. मागील आठवड्यात सेवा केंद्रातून क्लच प्लेटचा संच, पाण्याच्या पंपाची सील, दोन ऑइल फिल्टर आणि पुढच्या ब्रेकची पॅड मागवून घेतली. आईच्या शिवणयंत्राचा खण उघडला तेव्हा बाबांचे गुंडाळलेले एक पिस्टन अजून तेथेच होते, १९९७च्या वर्तमानपत्रात. ते तसेच मागे सरकवले आणि माझे सामान पुढे ठेवले.