पत्ता पुसला, बैल राहिला

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी शाखा डाकपाल आहे. चार गावांचं टपाल माझ्याकडे येतं, वाटपही मीच करते. आता टपाल म्हणजे बँकेची पत्रं, आधार कार्डं, विम्याच्या नोटिसा. हातानं पत्ता लिहिलेलं पाकीट महिन्यातून एखादं आलं तर आलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी थैली आली ती निथळतच. सकाळपासून पाऊस, त्यात आणणाऱ्याची मोटरसायकल नाल्यावर घसरलेली. सगळं टपाल टेबलावर पसरलं, पंखा लावला, आणि मधेच हे पाकीट हाती आलं.

डाव्या अर्ध्या भागात बैल. नुसत्या काळ्या रेघांचा. पोटाखाली आडव्यातिडव्या रेघांची दाट जाळी आणि पाठीवर कागद कोरा सोडलेला, त्यामुळे उन्हात उभा असल्यासारखा दिसत होता. शेपटीच्या गोंड्याला बारीक ठिपके. उजवं शिंग वर गेलेलं, डावं वाकून डोळ्यावर आलेलं. तिकिटाचा कोपरा त्यानं मोकळा ठेवला होता, पत्त्याची जागाही. म्हणजे काढणाऱ्याला टपालाची जाण होती. पण पत्त्याच्या जागी निळा ओघळ. नावातलं ‘राव’ तेवढं वाचता येत होतं आणि पिनकोडातलं ४४५. आमच्याकडे अर्धं गाव राव, आणि ४४५ म्हणजे तर सगळा यवतमाळकडचा मुलूख.

शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली होती, म्हणून कारण लगेच कळलं. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकमध्ये काजळी असते आणि लाख. वाळली की पाण्याला दाद देत नाही. त्याच लाखेपायी ती फाउंटन पेनात भरली तर पेन बसतं, टाकानंच काढावं लागतं. या भल्या माणसानं बैल टाकानं काढला आणि पत्ता साध्या निळ्या पेनानं लिहिला. (मला विचाराल तर निदान पत्ता तरी त्या काळ्या शाईनं लिहा. बैल वाहून गेला तरी चालेल.)

पाठवणाऱ्याचा पत्ता कुठंच नाही. नियमानं असं पत्र रिटर्न्ड लेटर ऑफिसला जातं. पाकीट उघडायचा अधिकार तिथल्यांना, मला नाही. पण एक गोष्ट मनातून जाईना. थैली माझ्या डाकघराच्या नावाची होती, म्हणजे वरच्या ऑफिसात पत्ता नीट वाचला गेला होता. माणूस या चार गावांतलाच.

बाहेर पारावर पाऊस टाळत तिघं-चौघं बसले होते. त्यांना पाकीट दाखवलं. एकानं चष्मा पुसला.

“हा त सर्ज्या होय वो मॅडम. डावं शिंग पाहा न.”

माणसांचे चेहरे विसरतील, पण कास्तकार बैलाचं शिंग विसरत नाहीत. पलीकडच्या गावातलं घर त्यांनी सांगितलं. संध्याकाळी चिखल तुडवत गेले. तिथं खांदशेकणी चालली होती. मालक बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होता आणि बैल थेट पाकिटावरचा! मला तर हसूच आलं. मालकानं मात्र हळदीचा हात आवरता घेतला.

“बैल माहा, पन पत्र माहं नाही. मागच्या साली बजारातून घेतला म्या.”

ज्याच्याकडून घेतला त्याचं घर माझ्याच गावात, डाकघरापासून चौथं. परत चिखल.

त्या घरच्या गोठ्यात मोटरसायकल उभी होती. दावं खुंट्यावर गुंडाळून ठेवलेलं. अंगणातल्या म्हाताऱ्यानं पाकीट हातात घ्यायच्या आधीच म्हटलं, “पोट्ट्यानं काढलं हे.” मुलगा पुण्याला ड्रॉइंग मास्तरचं शिकतो म्हणे. मला आणखी पुरावा नको होता.

त्यानं पाकीट फोडलं नाही. डाव्या शिंगावरून अंगठा फिरवत राहिला. शाई निघते का बघत असावा.

“इकला हे त्याले सांगतलं नाही अजून.”

मग ५ रुपये काढून एक कोरं पाकीट मागितलं. उत्तर मीच लिहून द्यायचं होतं. पिशवीतून कागद काढला आणि काय लिहू म्हणून विचारलं. बराच वेळ गेला. आतून पुरणाचा वास येत होता.

“लिहा,” तो म्हणाला, “शिंग बराबर काढलं म्हना.”